एकेकीचं गाऱ्हाणं

संपाच्या सहाव्या सकाळी शेवंती तांडेलने मंडपातल्या बायका मोजल्या. पहिल्या दिवशी कोलंबी सोलणाऱ्या एकशे बेचाळीस जणी कारखान्याच्या फाटकाशी बसल्या होत्या. आता तिच्यासकट उरल्या होत्या एकतीस. फाटक अडवून बसायला तेवढ्या कशाबशा पुरत होत्या; त्या उठल्या की काम सुरू होणार होतं. शुक्रवारपर्यंत काम बंद राहिलं तर कोलंबी परदेशी नेणारं जहाज रिकामं जाणार होतं आणि कंपनीला नमावंच लागणार होतं. शुक्रवारला अजून दोन दिवस होते.

मागणी तरी काय मोठी होती? दिवसभर बर्फाच्या पाण्यात बोटं बधिर होतात, म्हणून चांगले हातमोजे आणि दर तासाला दहा मिनिटं हात बुडवायला कोमट पाणी. माणसं चंद्रावर वस्ती करायला लागली होती, त्या काळात वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कोमट पाण्यासाठी संप करावा लागत होता. सोलणारी यंत्रं निघाली होती, पण बाईचा हात अजून स्वस्त पडत होता.

कुणी धमकावलं नव्हतं, पोलीस फिरकले नव्हते. तरी बायका गळत होत्या. रुक्मीच्या नवऱ्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनची आठ महिने अडलेली तारीख अचानक मिळाली. जनाबाईच्या वाडीपर्यंत एसटी यायला लागली. गुणाबाई तर शेवंतीच्या समोरची, सोळा वर्षं दोघी एकाच टेबलावर सोलत आलेल्या. तिच्या मेलेल्या आईचा एकुलता एक फोटो पुरात भिजून गेला होता. तो कुणीतरी निळ्या लुगड्यासकट नवा करून घरपोच पाठवला. फोटो उराशी धरून गुणाबाई घरी गेली ती परत आली नाही. आपल्या बायका अशा कशा गेल्या, आपलं काय चुकलं, हेच शेवंतीला रात्रंदिवस पोखरत होतं.

त्या दुपारी कंपनीच्या संशोधक डॉ. सुलेखा रेगे पुण्याहून आल्या आणि तिच्याशेजारी चटईवर बसल्या. बायका गळण्यामागचं गणित माझंच आहे, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. माणसाच्या रागाच्या बुडाशी एखादी जुनी, खासगी उणीव असते. ती थोडीशी भरली, तरी राग मरत नाही, पण त्याच्यापायी उठून उभं राहायचं बळ जातं. ते बळ घालवायला जी लहानात लहान गोष्ट पुरते, तिला त्या शमनमूल्य म्हणत. औषधाचा कमीत कमी डोस असतो तसंच. सर्वांना कोमट पाणी देण्यापेक्षा एकेकीला तिचं शमनमूल्य देणं कंपनीला परवडतं, असं त्यांचं यंत्र सांगत होतं.

“पण आमच्या मनातला यंत्राक कसा कळला?” शेवंतीने विचारलं.

डॉक्टरांनी तिच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. नऊ वर्षांपासून कामाची हजेरी घेणारा हा पट्टा नाडी आणि घाम मोजायचा, आवाजही ऐकायचा. बांगड्यांसारखा तो अंगचाच झालेला, त्यामुळे संपातही काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि संपाच्या पहिल्या सकाळी रिवाजाप्रमाणे बायका ग्रामदेवीपुढे उभ्या राहिल्या होत्या. देवीला गाऱ्हाणं घालायचं ते तोंडाने, मनातल्या मनात नाही. म्हणून एकेकीने आपापलं दुखणं मोठ्याने सांगितलं होतं. नऊ वर्षांत यंत्राला जे उमगलं नव्हतं, ते त्या एका सकाळी कळलं.

शेवंतीने मात्र देवीकडे स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. सगळ्यांना बळ दे, एवढंच ती म्हणाली होती.

“मगे माझ्या नावाफुडे काय आसा?”

“वस्तू नाही. ‘कारण समजणे’ एवढंच आहे. मला त्याचा अर्थ लागला नाही.”

कारण तर ही बाईच सांगायला आली होती, हे शेवंतीच्या ध्यानात आलं. मग तिने डॉक्टरांना रजा कधी मिळाली ते विचारलं. एरवी पंधरा दिवस अडते, या वेळी तासाभरात मिळाली, गाडीसुद्धा कंपनीनेच दिली, असं सांगता सांगता डॉक्टरांचा चेहरा उतरला. मनावरचं ओझं उतरवायला आपण आपल्या पायांनी आलो, असं त्यांना आतापर्यंत वाटत होतं.

शेवंतीला संताप यायला हवा होता. पण आली ती सुटका. बायका फितूर नव्हत्या. आपलं काही चुकलं नव्हतं. सहा दिवसांत पहिल्यांदा तिला झोप यायला लागली, घरी जावंसं वाटलं. हाच तो डोस, हे कळूनही तो लागू पडतच होता.

डॉक्टर गेल्यावर बाकीच्या तीस जणींनी तिला गराडा घातला. बाई काय म्हणाली? खरं सांगावं तर यांचंही बळ असंच जाणार, हे शेवंतीला स्वतःच्या अंगावरून कळत होतं. यांना उभं ठेवायचं तर राग हवा होता, आणि तो ज्याच्यावर जाईल असं माणूसही हवं होतं.

“गेल्यो त्येंनी कंपनीची पाकिटां घेतल्यानी,” ती म्हणाली. “गुणान सगळ्यात आधी.”

मंडप पेटला. त्यानंतर एकही बाई उठली नाही. शुक्रवारी जहाज रिकामं गेलं आणि सोमवारी शेडमध्ये कोमट पाण्याचे टब आले.

तीस जणी वेगळ्या टेबलांवर बसल्या. संप सोडून गेलेल्यांशी त्या बोलेनात. फक्त गुणाबाई आपल्या जुन्या जागी, शेवंतीच्या समोर होती. पहिल्या दहा मिनिटांची घंटा झाली तसे दोघींनी एकाच टबात हात बुडवले.

“मी पाकीट घेतलंय, असा कोणी सांगल्यान गो?” गुणाबाईने खालच्या आवाजात विचारलं.

“माका म्हायत नाय,” शेवंती म्हणाली.