भरल्या हॉलचा सूर

थंडी पडली की अजून त्या हॉलचा वास आठवतो: मेण, जुनं लाकूड, ओले कोट. तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळच्याच पद्धतीच्या वाद्यांवर वाजवायचं, असा छोटासा महोत्सव माझी थोरली बहीण दर हिवाळ्यात तिथे भरवायची. ती हार्पसिकॉर्ड वाजवायची; पियानोचा पूर्वज म्हणा. तारा मी लावायचे. पितळी तारा भारी नाजूक. माणसांची ऊब लागली की सैल पडतात, सूर उतरतो. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये त्या किंचित चढ्या लावायच्या. लोक येऊन बसले की सूर आपोआप जागेवर येतो.

त्या वर्षी हॉलवाल्याने बजावलं होतं, हॉल भरला नाही तर महोत्सव कायमचा बंद.

“भरल्या हॉलचा सूर लाव,” ताई म्हणाली.

“अगं, या गारठ्यात काळं कुत्रं तरी फिरकेल का?”

“तू लाव गं.”

तिचं मन मोडवेना. लावला.

संध्याकाळी पुढच्या रांगेत मोजकी डोकी, हात चोळत बसलेली. ताईच्या साथीला असलेला बासरीवाला माझ्या कानाशी लागला. “वाद्य माझ्यापेक्षा चढं आहे. आज शोभा होणार आपली.”

पहिली रचना कानाला टोचत राहिली. दुसरी कमी. तिसरीत सूर असा चपखल बसला, की बासरीवाल्याने वाजवता वाजवता मान वर करून मागच्या रिकाम्या रांगांकडे पाहिलं. माझ्या तोंडातून अजून वाफ निघत होती.

“बघितलंत ना बाई?” शेवटी हॉलवाला म्हणाला. “संपलं आता.”

ताई नुसती हसली.

सकाळी आम्ही दोघी वाद्य न्यायला गेलो. रात्रभर बंद राहून हॉल बर्फासारखा झाला होता. तारा पुन्हा चढलेल्या असणार. नादकाटा गुडघ्यावर आपटून मी कानाशी धरला आणि एक पट्टी दाबली.

सूर कालच्यापेक्षा उतरलेला.

“ताई, इकडे ये.”

ती मधल्या रांगेत बसून होती. उठली नाही.

तीच पट्टी पुन्हा दाबली. आणखी खाली.

दार आतून लावलेलं होतं.

पुन्हा दाबली. आणखी.

“थांब जरा,” ताई हळूच म्हणाली. “सगळे बसू देत.”

आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून तिने मांडीवर घेतली.