बसली पाहिजे

कॉम्प्युटर कधी बदलायचा याबाबत माझा नियम साधा होता. जबड्याचा स्कॅन उघडायला टाकला, चहा केला, प्यायला, कप धुऊन आले, आणि तरी पडद्यावर ते चक्र गरागरा फिरतच असेल, तर मशीन बाद. सात वर्षं तशी वेळ आली नाही. यंदा एका आठवड्यात चारदा आली.

मी घरी बसून दातांच्या कॅप बनवते. म्हणजे पडद्यावर. डॉक्टरीणबाई पेशंटच्या जबड्याचा स्कॅन पाठवतात, मी त्यावर कॅपचा आकार घडवते, पुढे कारखान्यातलं यंत्र ती कोरतं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण नवऱ्याची नोकरी गेल्यापासून आमची दोन पोटं त्या कोरण्यावरच भरतायत. काम देणाऱ्या डॉक्टरीणबाई एकट्याच, आणि त्यांची अट एकच. महिन्यात तीन कॅप बसल्या नाहीत की काम दुसरीकडे. माझी सात वर्षांत एकही परत आली नव्हती. "अहो, पेशंट म्हणतात, जीभ फिरवली तरी नवा दात कुठला ते कळत नाही," असं त्या सांगायच्या आणि मी दिवसभर हवेत असायचे.

वास आधी नवऱ्याला आला. "तुझ्या टेबलाखाली उंदीर मेलाय का गं?"

मी वाकले. उंदीर नव्हता. कॅबिनेटच्या मागून येणारा वारा तोंडावर आला, कोमट आणि दमट. तो वास मला चांगला माहीत होता. रात्रीचं जेवून, तसंच झोपून, सकाळी दात न घासता कुणी अगदी तोंडाशी येऊन बोलावं, तसा. शी! मी स्वच्छतेच्या बाबतीत जरा खडूसच आहे, हे कबूल. पण त्या दिवशी मी तीनदा तोंड धुतलं, तरी तो वारा गालावरून जाईना.

कॉम्प्युटरवाला आला. गेली सात वर्षं तोच येतो. "धूळ बसली असेल, ताई," म्हणत त्याने बाजूचा पत्रा काढला.

आत धुळीचा कण नव्हता. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पातळ पात्यांमध्ये पिवळट, टणक थर साचला होता. त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तेव्हा त्याची खपली टचकन उडाली. त्याने बोट नाकाशी नेलं आणि धावत बाथरूम गाठलं. मी मात्र ते पाहताक्षणी ओळखलं होतं. आयुष्य दातांत गेलंय माझं. ते दातांवर साचणारं कीटण होतं.

खपलीखालचा भाग गुलाबी होता. पात्यापात्यांत चिकट तार धरली होती.

"ओल आली असेल," तो परत येऊन म्हणाला, माझ्याकडे न बघता.

मी हातमोजे चढवले आणि सगळं स्पिरिटने पुसून काढलं. चौथ्या दिवशी पुन्हा तेच, उलट पंख्यालाही बुळबुळीत साय आलेली. त्या खोलीत बसून घास घशाखाली उतरेना. नियमाप्रमाणे तर ते कधीच बाद होतं; म्हटलं, आता नवीनच घ्यायचं.

"याच्यातला एक स्क्रूसुद्धा नव्यात घालायचा नाही," मी कॉम्प्युटरवाल्याला बजावलं. तो नाकाला रुमाल बांधून जुनं मशीन घेऊन गेला.

नवीन मशीन म्हणजे वारा प्यायलेलं वासरू. खुर्ची पुढे ओढेपर्यंत स्कॅन हजर. वास कोऱ्या प्लॅस्टिकचा. मी पोटभर जेवले.

आठव्या दिवशी पहिली कॅप परत आली. "उंच लागतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याच आठवड्यात दुसरी. "पेशंट म्हणतो, तोंडात दुसऱ्याच कुणाचा तरी दात आहे असं वाटतं."

मी सगळं तपासलं. कॅप चिकटवणाऱ्या सिमेंटसाठी सोडायची फट तीच, स्कॅन बरोबर, मापं केसभरही हललेली नाहीत. आकड्यांत चूक नव्हती.

"आता एकच राहिली हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"जुनं आण," नवरा म्हणाला.

"अहो, घाण आहे ती!"

"असू दे घाण. मला या वयात कोण घेणार आहे?" तो अगदी हळू बोलला.

नाक मुठीत धरून कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात गेले. जुनं मशीन मागच्या मोरीत, पोत्यात गुंडाळून ठेवलेलं. "घेऊन जा, ताई. गिऱ्हाईक उंबऱ्यावरून परत जातंय."

मी पोत्यावर हात ठेवला. "चालू केलं होतंत?"

"कशाने करणार? वायर तुमच्याकडेच राहिली."

"मग हे गरम कसं?"

त्याने खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला.

तिसरी कॅप मी जुन्या मशीनवर केली. स्कॅन उघडेपर्यंत चहा केला. पिववला नाही. कॅप क्लिनिकमध्ये पोचली त्या दुपारी फोन आला. "बसली. अगदी त्याचीच असल्यासारखी!"

आता मी बाजूचा पत्रा लावतच नाही. रोज सकाळी मऊ ब्रश घेऊन खाली बसते. वरून खाली, मग आतल्या बाजूने. पहिल्या आठवड्यात दोनदा ओकले. डॉक्टरीणबाई काम वाढवून देणार आहेत म्हणे.

आज ब्रशला लाल लागलं.

पार मागे, कोपऱ्यात, ब्रश पोचत नव्हता. स्कॅन उघडत होता, पंखा फिरत होता, ती वाफ माझ्या तोंडावर येत होती. मी वैतागले आणि बोलून गेले, "आ कर ना नीट."

पंखा थांबला.

धातूची पाती एकमेकांपासून हळूच लांब झाली.