जुळणारे ठोके

पृथ्वीवरच्या बचावकक्षात केरबा लाटवडेची हलगी अगदी तालात ऐकू येत होती.

केरबा चंद्रावरच्या खाणीत, खचलेल्या बोगद्यात सहा तास अडकला होता. बोलण्याचा रेडिओ बंद. उरली होती ती त्याच्या 'खटारा' बँडची सरावाची जोडणी; बाकीचा बँड कक्षात बसून त्याला साथ देत होता. ती शब्द नेत नसे, फक्त ठोके; केरबाने पोशाखावर बोटं मारली की इकडे हलगी वाजे.

"वाजवतोय म्हणजे जिवंत आहे," ड्रमवर बसलेली सईदा मुजावर म्हणाली.

"त्याच्या पोशाखात तुमचा अंदाजक आहे," बचावप्रमुख नाडकर्णी म्हणाले. "चंद्रावरून ठोका यायला सव्वा सेकंद लागतो, म्हणून ते यंत्र केरबा पुढे काय वाजवेल ते ओळखून आधीच पाठवतं. खरा ठोका जुळला तर वेगळा पाठवत नाही. मेलेला माणूसही असाच वाजेल."

"मग मी मुद्दाम ताल चुकते. यंत्र फसेल."

ती चुकली. ठोका जाऊन-येऊन अडीच सेकंदांनी हलगीही तशीच चुकली.

खटाराचा नियमच तो. इचलकरंजीतल्या बंद यंत्रमागांच्या शेडमध्ये अकरा वर्षांपूर्वी ठरलेला : एक चुकला की सगळ्यांनी चुकायचं, एक थांबला की सगळ्यांनी थांबायचं. स्टेजवर कुणी एकटं पडायचं नाही. गाण्याच्या कंपन्यांनी दारातून हाकललं, यंत्रांनी गाणी गिळली, केरबा पोटासाठी चंद्रावर गेला. नियम मोडला नाही. अंदाजकही तो शिकला होता; चुकला तो केरबा की यंत्र, कळायला मार्ग नव्हता.

"छत खचतंय," नाडकर्णी म्हणाले. "यंत्रासाठी मी तीन माणसं आत घालणार नाही."

"थांबवा वाजवणं!" सईदा ओरडली.

"अगं, अंधारात आहे तो!" ढोलकीवाला बाबासो कळवळला. "आपणच सोडलं तर घाबरून मरंल की!"

"घाबरू दे. यंत्र नुसतं थांबेल, घाबरणार नाही. ढोलकी खाली ठेव, भाड्या!"

अडीच सेकंदांनी हलगी थांबली. एक मिनिट गेलं. दोन गेली. बोगद्याच्या तोंडाशी थांबलेलं पथक मागे बोलवायला नाडकर्णींनी माइक उचलला.

टक.

टक-टक. मग नुसता कल्लोळ, ना ताल ना मात्रा, बंद दारावर मुठी आपटाव्यात तसा.

"केऱ्या!" सईदाने काठ्या उचलल्या.

"नाही," नाडकर्णींनी तिचा हात धरला. "तुम्ही वाजवलंत की पुन्हा यंत्र बोलणार. माझी माणसं आत जातायत. ती त्याच्यापर्यंत पोचेतो तो जिवंत आहे हे मला कळत राहायला हवं."

"किती वेळ?"

"चार तास."

सईदाने काठ्या मांडीखाली दाबल्या. वर तो हाका मारत होता.