छताला टेकलेले फुगे

"यज्ञेश, खुर्ची नीट धर! मी पडले ना, तर वाढदिवस अवनीचा आणि पाय मोडायचा माझा!"

"धरलीय गो! तू आधी तो फलक सरळ लाव. 'अवनी'तली 'नी' निघाली मांडवीच्या बंदरात!"

वैदेही हसत खाली उतरली आणि तिने वर पाहिलं. 'सागरछाया' हॉटेलचा पहिल्या मजल्यावरचा हॉल तसा बुटकाच. छताला दीडशे-दोनशे फुगे दाटीवाटीने टेकले होते. प्रत्येकाची रिबीन खाली लोंबत होती, लहान मुलांच्या हाताशी येईल इतकी. एसीसाठी खिडक्या घट्ट लावलेल्या. बाहेर मे महिन्यातला संध्याकाळचा समुद्र, पण वाऱ्याचं नाव नव्हतं. आज धाकट्या बहिणीचा सहावा वाढदिवस. सगळं छान वाटायला हवं होतं. वैदेहीला मात्र ते फुगे डोक्यावर दबा धरून बसल्यासारखे वाटले.

इतक्यात शेजारचा ऋत्विक धापा टाकत आला. "चला लवकर! मागच्या अंगणात एक टाकी आहे. तिच्या पोटात काहीतरी शिजतंय!"

"तुला सगळीकडे शिजलेलंच दिसतं, खादाडा!"

"शपथ! येऊन बघा!"

स्वयंपाकघरामागे सावलीत एक गंजकी, जागोजागी जोड मारलेली टाकी उभी होती. आतून बुडबुड आवाज येत होता. पलीकडे पत्र्याच्या कातरणीचं पोतं आणि कसल्याशा पांढऱ्या पुडीचा डबा. टाकीवर निळ्या रंगात लिहिलं होतं – हेलियम.

ऋत्विकने अक्षरांवर बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. "आई गं! चटका बसला!"

त्याचं बोट निळं झालं होतं. रंग अजून ओलाच होता!

यज्ञेशचा चेहरा पडला. तो वैदेहीचा मावसभाऊ, सुट्टीला लोटे गावाहून आलेला. त्याचे बाबा तिथल्या रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते.

"हेलियमची टाकी भरलेलीच विकत मिळते," तो हळूच म्हणाला. "ती तापत नाही, तिच्यात काही उकळत नाही. तो पत्रा आणि ती पूड टाकून हा फुगेवाला इथे हायड्रोजन बनवतोय."

"मग? फुगे तर मस्त उडतायत की!"

"सरांनी आम्हाला वर्गात दाखवलं होतं. बोटाएवढ्या नळीत हायड्रोजन होता. पेटती काडी जवळ नेली आणि फट्!"

तिघांनीही वरच्या खिडक्यांकडे पाहिलं.

यज्ञेशने बाबांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. कामावर असताना त्यांचा फोन गेटवर जमा असायचा. मग तिघं हॉटेलमालक आप्पांकडे धावली.

"अगो, तीन वर्षं हेच फुगे लावतोय," आप्पा म्हणाले. "कधी काही झालंय? जा, सरबत घ्या."

सजावट करणारा बाबल्याकाका तर भडकलाच. "हेलियम लिहिलंय ते दिसत नाही? टाकीला परत हात लावलात तर बघा!"

वैदेही आईकडे गेली. दारात पाहुण्यांची रांग लागली होती. "वैदेही, आजच्या दिवशी अभद्र बोलू नकोस हं!" आई म्हणाली. बाबा तर केक आणायला गेले होते.

सहा वाजले. हॉलमध्ये वीसेक मुलं उड्या मारत रिबिनी ओढू लागली. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बाबल्याकाकाने ठिणग्यांची कारंजी उडवणारी दोन यंत्रं मांडली. हातात रिमोट घेऊन तो मधोमध उभा राहिला. बरोबर वर सोनेरी फुग्यांचा घोस होता.

"रिमोट लपवू या?" ऋत्विक कुजबुजला.

"काडेपेटी आणतील."

"फुगे फोडू?"

"वेडा आहेस? गॅस कोंडून राहील इथेच!" यज्ञेशच्या कपाळावर घाम आला होता. "फुगे नाही, माणसंच बाहेर काढायला हवीत."

बाबांनी केक टेबलावर ठेवला. अवनीने टाळ्या पिटल्या. वैदेही केककडे पाहत राहिली आणि एकदम वळली.

"ऋत्विक, केक उचल आणि पळ! थेट खाली, सुरूच्या झाडांपर्यंत. यज्ञेश, तू स्वयंपाकघर रिकामं कर. शेगड्या बंद करायला लाव!"

"मी? केक? सगळ्यांसमोर?"

"पळ!"

ऋत्विकने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, केक छातीशी धरला आणि सुसाट सुटला!

"चोर! केकचोर!" वैदेही किंचाळली. "मुलांनो, पकडा त्याला!"

सगळी मुलं ओरडत जिन्याकडे धावली. मुलांमागे आया धावल्या, आयांमागे बाबा, सर्वांत मागून आप्पा. मिनिटभरात हॉल रिकामा झाला. उरला फक्त बाबल्याकाका, रागाने लाल झालेला.

"काका, तुम्हीपण चला ना! पाया पडते!"

"माझा कार्यक्रम नासवलास, कारटे!"

वैदेहीला खाली पळून जावंसं वाटत होतं. पण हा माणूस इथे एकटा राहिला असता. तिने झेप घेतली, त्याच्या हातातला रिमोट हिसकला आणि जिना उतरत सुटली. बाबल्याकाका मागे धावला. खालच्या पायऱ्यांवर त्याने तिला गाठलंच.

"दे इकडे! काही होत नाही. हे बघ!"

त्याने बटण दाबलं.

ढुम्म!

डोक्यावरून गरम हवेचा लोट गेला. खिडक्यांच्या काचा खळाखळा अंगणात कोसळल्या. दारातून पिवळा जाळ बाहेर आला आणि आत ओढला गेला. मग नुसता धूर. झाडांखाली एकेकाचं नाव हाकारून मुलं मोजली जात होती. सगळी होती! यज्ञेशने बाहेर काढलेले आचारीही तिथेच उभे होते.

बाबल्याकाका पायरीवर मटकन बसला. मागचे केस होरपळले होते. आप्पा अग्निशमन दलाला फोन करत होते. आईने धावत येऊन वैदेहीला कवटाळलं. पण वैदेही बाबल्याकाकाकडेच पाहत होती.

"काका, आज आणखी कुठे फुगे दिलेत?"

त्याने कपाळाला हात लावला. "नाचणे गावात... एका हॉटेलात. साडेसहाला केक आहे."

सहा वाजून बारा मिनिटं झाली होती!

बाबांनी त्या हॉटेलला फोन लावला. कुणी उचलेना. आईने स्कूटर काढली आणि वैदेही मागे बसली.

त्या हॉटेलात गाणी मोठ्याने लागली होती, म्हणून फोन कुणाला ऐकू येत नव्हता. एका आजोबांची पंचाहत्तरी होती. सूनबाईंनी काडी हातात घेतली होती. "ओढू नका!" आईचा आवाज एवढा चढला, की गाणं वाजवणारासुद्धा थांबला. पाच मिनिटांत सगळे रस्त्यावर आले. आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं.

दोघी परतल्या तेव्हा आग विझली होती आणि मागची टाकी जवानांनी ताब्यात घेतली होती. अधिकारी तिघांची नावं लिहून घेत होते.

"केक पळवणारा कोण?"

"मी," ऋत्विक अंग चोरत म्हणाला. "पण चोर म्हणून लिहू नका हं!"

"शूर म्हणून लिहितो. चालेल?"

आप्पा पुढे आले. त्यांना वैदेहीकडे पाहवत नव्हतं. "बाय माझी, तीन वर्षं काही झालं नाही, म्हणून मी समजलो..." त्यांनी हात जोडले.

तेवढ्यात यज्ञेशचा फोन वाजला. त्याच्या बाबांची पाळी संपली होती. यज्ञेशने त्यांना सगळं सांगितलं.

"वस्तू सोडा, आधी माणसं बाहेर काढा," ते म्हणाले. "हे आम्ही मोठ्या माणसांना दरवर्षी शिकवतो, तरी आयत्या वेळी विसरतात. तुम्ही पोरांनी करून दाखवलंत! वैदेहीला दे बघू फोन."

वैदेहीने फोन कानाला लावला. तिला 'हॅलो' म्हणायचं होतं, पण तोंडून हुंदकाच फुटला.

"रड हो, पोरी," पलीकडून यज्ञेशचे बाबा म्हणाले. "आता रडायला हरकत नाही."