बाबांचं गोल शून्य

तो आमच्याकडे आलाच नव्हता. सोमवारी वरच्या मजल्यावरच्या वकिलांचा प्रिंटर दुरुस्त करून जिना उतरत होता. हातात हत्यारांची पेटी दिसली आणि मी दारातूनच विचारलं, "तुम्हाला संगणकातलं कळतं का हो?"

"थोडंफार," तो म्हणाला. "बिघडलंय काय त्यावर आहे."

आमचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. बाबा घड्याळांचे पितळी आकडे घडवतात. आकडा ते संगणकाच्या पडद्यावर काढतात आणि यंत्र तो पत्र्यातून कापतं. यंत्र जुनं, त्याला एकच जुना प्रोग्रॅम कळतो, आणि तो नव्या संगणकावर चालत नाही. म्हणून नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक बसवून घेतला होता. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. पण त्याची खिडकी उघडायची ती पोस्टाच्या पाकिटाएवढी.

"एवढ्याशा खिडकीत बाबांनी किती वाकून बघायचं?" मी म्हटलं.

"आणि तुम्ही काय बघता?"

"मी बाबांची वाकलेली पाठ बघते."

तो हसला... माझ्याकडे नाही, कळफलकाकडे बघून. कान मात्र लाल झाले होते.

त्याने काहीतरी केलं आणि चित्र पडदाभर पसरलं. "तात्पुरतं आहे हं," तो म्हणाला. "पुन्हा यावं लागेल."

तो मंगळवारी आला, बुधवारी आला, गुरुवारीही आला. दर वेळी थोडं बघायचा, "अजून एक तपासायला हवं" म्हणायचा, आणि मी दिलेला चहा थंड होईपर्यंत पीत बसायचा.

"काय डॉक्टर," बाबा एकदा म्हणाले, "रोगी बरा होतोय, की तुलाच लागण झालीय?"

मी तोंड फिरवून पितळेचा कीस झाडू लागले.

त्याच दिवसांत घरात दुसरंही काही घडत होतं. इस्पितळाच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचे बारा आकडे शनिवारी कापायचे होते. पत्रा एकच. बाबांनी दहाचा आकडा काढला, आणि त्यातलं शून्य फुगलेलं दिसलं. त्यांनी ते पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा तसंच. प्रोग्रॅममधली अक्षरंही पसरट दिसत होती, पण अक्षरांकडे बघतो कोण?

"डोळा गेला गं माझा," बाबा म्हणाले. ज्यांचं शून्य इतकं गोल की ते हाताने काढलंय हे आयुष्यभर कुणाला खरं वाटलं नव्हतं, ते हे म्हणत होते. "तूच कर दुरुस्त. शनिवारचं काम झालं की यंत्र विकून टाकू."

मी त्यांचे आकडे वेगळे जपून ठेवले आणि दुसरी प्रत घेऊन एकेक आकडा रुंदीत दाबत गेले, नजरेला बरा वाटेपर्यंत. बाबा बघायलाही आले नाहीत. आतल्या खोलीत बसून राहिले.

शुक्रवारी तो आला तेव्हा मी त्याला यंत्र विकण्याचं सांगितलं. माऊसवरचा त्याचा हात थांबला. मग त्याने आतल्या संगणकात एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम घातला, तो संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. दहा मिनिटांत पडदा भरून स्वच्छ चित्र आलं.

आणि त्यात माझं शून्य महिनाभर उपाशी असल्यासारखं उभं होतं.

"हे... हे असं का?"

"जुनं चित्र चौकोनी, पडदा रुंद," तो खाली बघत म्हणाला. "मी ते ताणून बसवलं होतं. सगळं जाड दिसणारच होतं... मला सुचायला हवं होतं."

मी बाबांचे आकडे उघडले. शून्य गोल होतं. अगदी गोल.

"आज दहा मिनिटांत झालं. मग सोमवारी का नाही?"

त्याने माऊस बाजूला सरकवला. "सोमवारीही झालं असतं. पण मग... तुमच्याकडे यायला काही कारण उरलं नसतं."

चार दिवस मी हेच ऐकायची वाट बघत होते. आणि ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं ते रागाने.

"त्या कारणापायी बाबांनी हत्यारं खाली ठेवली," मी म्हटलं. "हे मी नाही सांगणार त्यांना. तुम्ही सांगा."

दार उघडंच होतं. तो निघून जाऊ शकला असता. पण तो आतल्या खोलीत गेला. बाबा कानशी फडक्यात गुंडाळत होते. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. कारणसुद्धा.

बाबा उठले. कर्कटक घेऊन आले, पडद्यावरचं शून्य आडवं मोजलं, मग उभं. पुन्हा एकदा मोजलं.

"म्हणजे डोळा आहे माझा?"

"आहे, काका. चूक माझी."

"चार दिवस मी आंधळा होतो रे," बाबा हळूच म्हणाले. ते रागावले असते तर बरं, असं मला वाटलं. त्यालाही वाटलं असावं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि नऊच्या आकड्याचं वळण तपासायला घेतलं.

मी त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेले. "आता नाही येणार," तो पेटी उचलत म्हणाला. "तोंड नाही उरलं."

"उद्या आकड्यांची कापणी आहे," मी म्हटलं. "या."

"काही बिघडलंय?"

"काही नाही. म्हणूनच या. तुम्ही नुसते येता तेव्हा कसे दिसता, ते मला बघायचंय."

तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, आणि पहिल्यांदाच त्याने सरळ माझ्याकडे बघितलं.

"किती वाजता?"