देव बाहेरगावी असताना

चिझुरूने त्याला आधी ऐकलं, पाहिलं नंतर.

कानाझावातल्या त्या गल्लीतल्या देवळात ती रोज सकाळी जायची. घरच्या तोफूच्या दुकानातली पहिली घाई आटोपली की निघायची, हातांना सोयाबीनचा वास तसाच असायचा. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, मागायचं ते मागायचं आणि पुन्हा एकदा वाकायचं. उन्हाळ्यातल्या त्या सकाळी शेजारच्या माणसाने दोन टाळ्या वाजवल्या, आणि थांबायचं सोडून आणखी दोन वाजवल्या. तिची प्रार्थना मध्येच विस्कटली.

"देवाला ऐकू येतं हो," ती हळूच म्हणाली.

तो कानांपर्यंत लाल झाला. "आमच्याकडे चार वाजवतात... हाताला सवय."

"आमच्याकडे म्हणजे?"

"इझुमो."

आता यावर काय बोलणार? साऱ्या देशाच्या सोयरिकी जिथे देव एकत्र बसून जुळवतात, ते गाव. तिथल्या माणसाला टाळ्या शिकवायला निघालेली चिझुरू गप्प झाली – साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत.

त्याचं आडनाव कात्सुबे. सोन्याचा वर्ख ठोकायचं काम शिकायला तो आला होता. वर्ख नुसत्या श्वासाने उडतो, म्हणून कारखान्यात दिवसभर तोंड बंद. साहजिकच त्याचं सगळं बोलणं सकाळसाठी शिल्लक राहायचं, आणि सकाळीही बरंचसं शिल्लकच राहायचं. चिझुरू त्याला चिडवायची, की तुम्ही दुप्पट टाळ्या वाजवून दुप्पट पदरात पाडून घेता, आमच्या वाट्याला काय उरणार! तो म्हणायचा, की अजून काही मागितलेलंच नाही. आणि मग उगीचच कमानीवरच्या शेवाळाकडे बघत राहायचा.

मग नोव्हेंबर आला. समुद्रावर ढग गडगडू लागले, आता बाजारात बुरी मासा येणार म्हणून लोक खूश झाले. जुन्या पंचांगातला दहावा महिना लागला. या महिन्यात गावोगावचे देव बैठकीसाठी इझुमोला जातात आणि बाकीची देवळं रिकामी पडतात. गल्लीतल्या लोकांनीही येणं कमी केलं. पुजारीसुद्धा पानं झाडायची म्हणून झाडत होता. ही दोघं मात्र रोज हजर.

एका सकाळी गारा पडू लागल्या. वळचणीखाली उभं असताना त्याने सांगितलं, की काम शिकून झालंय, वर्ष संपलं की तो गावी परतणार. आईने मुलगी पाहून ठेवली आहे. स्वयंपाक छान करते, फारसं बोलत नाही.

चिझुरूने अभिनंदन केलं. दुकानात तोफू गार होतोय, असं सांगून ती निघाली. तोफू गारच असतो, हे तिला कमानीपाशी आठवलं. ती तशीच गारांतून परत आली.

तो तिथेच उभा होता. "एक विचारू?" तो म्हणाला. "देव तर आमच्या गावी गेलेत. इथे कुणी नाही. मग तुम्ही... रोज कशाला येता?"

सवय म्हणून, असं म्हणता आलं असतं. तेवढ्यावर सगळं निभावलंही असतं.

"देवासाठी मी उन्हाळ्यापासूनच येत नाहीये, कात्सुबेसान."

समोर वर्ख असल्यासारखा तो श्वास धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आईला फोन करतो. बैठक अजून चालू आहे... तोवर काहीच पक्कं नसतं."

आता कात्सुबेच्या घरी चिझुरूचे केस पिकलेत. इझुमोत दहाव्या महिन्यात देव जमले की अख्खं गाव आवाज खाली घेतं. गाणं-बजावणं बंद, ठोकाठोक बंद. कात्सुबेला हा महिना फार मानवतो. चिझुरू मात्र संध्याकाळी दारात उभी राहते. इथे देवांची एवढी दाटी, आणि तिला आठवतं ते गल्लीतलं देऊळ... ओलं, रिकामं.

"आपल्या देवळातलाही आला असेल ना?" ती दरवर्षी विचारते.

"आला असेल. कुठेतरी मागे बसला असेल."

"ओळखेल आपल्याला?"

"कसा ओळखणार?" कात्सुबे चहाचा पेला तिच्या हातात देत म्हणतो. "आपलं ठरलं तेव्हा तो घरी कुठे होता?"