तिसऱ्या मजल्यावरची पिवळी चमक

तिला आधी दिसले ते नुसते त्याचे पाय. बर्फाची पेटी सांभाळत ती तिसऱ्या मजल्यावरच्या पेशी-विभागात शिरली, तर एका भल्यामोठ्या यंत्राखालून दोन पाय बाहेर आलेले. एकात निळा मोजा, दुसऱ्यात करडा.

"आलात एकदाचे! तो पान्हा सरकवा जरा," पायांचा मालक म्हणाला.

तिने निमूट पान्हा दिला.

"हा नाही हो, बारका!"

"मला रेणू बनवता येतात. पान्ह्यांतलं कळत नाही."

आत ठणकन डोकं आपटलं. मग धुळीने माखलेला एक चेहरा बाहेर आला... आणि कानांपर्यंत लाल झाला.

"तुम्ही खालच्या रसायनवाल्या? म्हणजे माझ्या पेशींच्या मारेकरी तुम्हीच!"

पेशी का मेल्या, हे बघायलाच तर ती आली होती. पेशीभोवती तेलकट पडदा असतो. मिठातला ऋणभारित क्लोराईड त्यातून आपणहून पार होत नाही. त्याला कवेत घेऊन पलीकडे पोचवणारा रेणू तिने बनवला होता. लाडाने ती त्याला 'हमाल' म्हणायची. तेलाच्या इवल्या फुग्यांत हमालाने झकास काम केलं. जिवंत पेशींत घातला मात्र, आणि सगळ्या रात्रीतून गार!

"तुमच्याच पेशी नाजूक असतील," ती फणकारली.

"आहेतच. लाडाकोडात वाढवल्यात. बघायच्यात?"

त्याने सूक्ष्मदर्शकाजवळचं स्टूल पुढे केलं. ती वाकली. त्याचा खांदा तिच्या खांद्याच्या अगदी जवळ... पण न लागता.

"तुमचा हमाल ओझं घट्ट धरतो, पण पडद्यातच बसकण मारतो," तो हळूच म्हणाला. "सोडायचं नावच घेत नाही."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. कारण तो बरोबर बोलत होता, आणि बोलताना नाकावरची धूळ त्याला दिसत नव्हती.

मग तिच्या वरच्या फेऱ्या वाढल्या. रेणूची तेलकट शेपटी तोडायची, पकड सैल करायची, पुन्हा वर न्यायचा. कधी त्याच्याकडून निरोप यायचा, "मेल्या." कधी, "निम्म्या जगल्या. अभिनंदन करू की सांत्वन?" ती खुदकन हसायची, आणि शेजारच्या मेजावरची मैत्रीण भुवया उंचावायची.

एका दुपारी त्याच्या खोलीत एक मुलगी बसलेली. बारीक, खोकणारी, डोळे खट्याळ.

"तुम्हीच का त्या हमालवाल्या? दादा घरी दुसरं काही बोलतच नाही!"

"गप गं!" दादाचे कान पुन्हा लाल.

धाकटी बहीण गेल्यावर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिच्या पेशींना क्लोराईड बाहेर टाकता येत नाही. छातीत कफ चिकटून बसतो. म्हणून मी या कामात आलो."

"पण हे औषध व्हायला खूप वर्षं... कदाचित होणारही नाही."

"ठाऊक आहे. तिलाही सांगितलंय. ती म्हणते, 'तोवर खोकते, तू काम कर.'"

तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला. क्षणभरच. पण पुढे दिवसभर तो हात काही धड काम करेना.

तिच्या सरांनी मात्र निर्वाणीचं सांगितलं, "आणखी एक प्रयत्न. नाही जमलं तर हा नाद सोडा."

तो एक प्रयत्न घेऊन ती वर गेली. त्याने पेशी अशा घडवल्या होत्या की त्या पिवळ्या चमकायच्या, आणि क्लोराईडसारखे ऋणभारित आयन आत शिरले की चमक मंदावायची. हमाल आत आणू शकला, तर बाहेरही नेऊ शकेल. त्याने तिचा रेणू घातला. दोघं संगणकाच्या पडद्याकडे डोळे लावून बसले. पिवळं... तसंच पिवळं... मग किंचित फिकट झालं.

"डोळ्यांचा भास असेल," ती पुटपुटली.

"दोघांना एकच भास?"

चमक विझत गेली, आणि तिचा चेहरा उजळत गेला. तरी दोघांनी आनंद दाबून धरला. पेशी जगायला हव्या होत्या. सकाळी ती धावतच जिना चढली. तो दारातच उभा.

"जिवंत आहेत! सगळ्या!"

तिने आनंदाने त्याला मिठीच मारली. मग भान आलं आणि ती झटकन मागे सरली. दोघंही जमिनीकडे बघत राहिले.

"आता..." तो अडखळला, "आता तुम्हाला वर यायचं काही कारण उरलं नाही."

"वाईट वाटतंय?"

"फार. म्हणजे... पेशींना सवय झाली होती तुमची."

"फक्त पेशींना?"

त्याने मान वर केली. "नाही. मला. मला तुम्ही आवडता... कामाबिमाचं सोडा, तुम्ही आवडता."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यातलं हसू लपेना.

"मी उद्याही येणार," ती म्हणाली, "परवाही. पण एका अटीवर."

"कोणत्या?"

"हे 'तुम्ही' बंद. मलाही कंटाळा आलाय... तुला 'अहो' म्हणायचा."

तो हसला. मग श्वास रोखून, नवा शब्द जिभेवर घोळवून बघावा तसा म्हणाला,

"ये ना मग... तू."